हे कागदावर येते का जी?

"मॅडम, हे कागदावर येते का जी?"

सुमनकाकूंनी आत आल्या आल्या आधी हेच विचारलं, त्रासाचं नंतर. हा प्रश्न माझ्याकडे दर आठवड्याला येतो, फक्त शब्द बदलतात. गावात कळेल का? पोरीच्या सोयरिकीत आडवं येईल का? एकदा गोळी सुरू झाली की जन्मभर गळ्यात पडते का? म्हणून काकूंची हकिगत त्यांना विचारूनच लिहिते आहे. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी आठवड्यातून एक दिवस बसते. आमच्या दारावर 'मानसिक आरोग्य' अशी ठसठशीत पाटी आहे आणि बरोब्बर समोर केसपेपरची रांग. आत शिरणारा माणूस अर्ध्या तालुक्याला दिसतो. काकू दीड तास बाकड्यावर डोक्यावरून पदर ओढून बसून होत्या. रांग पांगली तेव्हा उठल्या.

हातात साडीच्या दुकानाची पिशवी. त्यातून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. दोन सोनोग्राफ्या, मानेचा एक्स-रे, थायरॉईडचा रिपोर्ट, आणि रबर लावलेला सलाईनच्या पावत्यांचा गठ्ठा. रिपोर्ट सगळे नॉर्मल.

"अंगात नुसती आग होते. डोक्शात मुंग्या येतात. राती तीनले डोया उघडते, मंग घराच्या बल्ल्या मोजत रायतो. मले सरकीचं पोतं उचलणं होत नाई आता, आन् हे म्हणतात रिपोर्ट चांगला हाये."

सलाईन का लावता, विचारलं. "लावली का दोन दिवस बरं वाटते." त्या पाण्यात काही जादू नसते. पण तेवढा तासभर बाई पडून राहते, कुणीतरी उशाशी बसतं, चुलीकडं जावं लागत नाही. बरं वाटतं ते त्यानं, असं माझं मत झालं आहे.

'मी उदास आहे' असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. हातपाय गळाले म्हणतात, जेवण जात नाही म्हणतात, कशात मन लागून नाही रायलं म्हणतात. काकूंनी दोन वर्षांत पोळ्याला पुरण शिजवलं नव्हतं, हे त्यांच्या जावेनं सांगितलं. डॉक्टरांनी तपासून नैराश्य असल्याचं सांगितलं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. त्या 12 राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण ते उपचार न पोचलेले लोक कसे दिसतात, हे पाहायचं तर आमच्या बाकड्यावर येऊन बसा. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम 1982 पासून आहे, तरी 'मानसिक' म्हटलं की इकडे नागपूरचा पागलखानाच डोळ्यांपुढं येतो.

मी काकूंना सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्यानं कोणाच्या डोक्यात विचार घुसत नाही. उलट बोलायला वाट मिळते. त्या बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाटते कधी. पोरीकडं पायतो न थांबतो." त्याच दुपारी जावेला सांगून फवारणीची सगळी औषधं त्यांच्या घरातून हलवली आणि दिराच्या घरी कुलपात ठेवायला लावली. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिला. फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलता येतं.

गोळ्यांचं म्हणाल तर नैराश्यावरची नेहमीची औषधं झोपेच्या गोळ्यांसारखी नसतात, त्यांची चटक लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमकं त्याच काळात लोक सोडून देतात. बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने घ्याव्या लागतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. काहींना जास्त काळ लागतात, पण सगळ्यांना जन्मभर नाही. काकूंनी ऐकून घेतलं आणि गोळ्या तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवल्या.

मग मी घोळ घातला. दुसऱ्या खेपेला त्या आल्या नाहीत, म्हणून काळजीनं मी त्यांच्या गावच्या आशाताईला फोन केला. म्हटलं, जरा पाहून या, गोळ्या चालू आहेत का. आशाताई भली बाई, लगेच गेली. आणि अंगणात चार बाया तूर निवडत बसल्या असताना विचारलं. काकूंनी त्या रात्री गोळ्या बंद केल्या. महिनाभर आल्या नाहीत.

2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं 23वं कलम रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क देतं. प्रशिक्षणात मीच ते इतरांना शिकवते. फोन करताना ते आठवलं नाही. आपल्या हेतूवर आपला भलताच भरवसा असतो.

जावेमार्फत निरोप धाडून माफी मागितली. काकू आल्या त्या भांडायलाच. "तुमी म्हटलं होतं कागद तुमच्याजवळच रायते." एकदम गोळ्या थांबवल्यानं चक्कर येत होती, चिडचिड होत होती. मी ऐकून घेतलं. मग वहीचं कोरं पान पुढं केलं आणि विचारलं, कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, तुम्हीच सांगा. त्यांनी तीन नावं सांगितली: जाऊ, भाऊ, नवरा. मी लिहून घेतली. नवऱ्याला मी सांगावं, तेही त्यांच्यासमोर, अशी अट. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. तेव्हापासून काकू दुपारी दोननंतर येतात, रांग नसताना. पाटी मात्र तिथंच आहे. ती बाजूच्या भिंतीवर न्यावी म्हणून दोनदा अर्ज दिला आहे.

पोरीचं लग्न वैशाखात झालं. सोयऱ्यांना काही सांगायचं की नाही, हे काकूंनी ठरवलं, मी विचारलं नाही. परवा त्या गोळी कमी करायला आल्या तेव्हा मागं एक तरणी बाई उभी होती, कडेवर लेकरू.

"हिले बी झोप नाई," काकू म्हणाल्या. "पन फोन नोका करू कोनाले. वही काढा आधी."