शहराच्या तैलचित्रात रंग दबवायचे कसे? ग्लेझने काम होतं का?

तुमची अडचण अशी दिसते: मुंबईच्या फोर्टातल्या जुन्या इमारती तैलरंगात करताय, रंग भडक होतात, काळा-पांढरा घालून दाबले की चित्र मेल्यासारखं दिसतं, आणि कुणीतरी सांगितलंय की वरून ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचा थर द्या, सगळं जुळून येईल.

अर्धंच जुळतं. हाच सल्ला ऐकून मी जीपीओचं, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयाचं एक चित्र घालवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

खरं तर ती इमारत दबलेल्या रंगांसाठी आयतीच आहे. १९१३ साली पूर्ण झाली. अंग काळ्या बसाल्टचं, कडांना कुर्ल्याचा पिवळसर दगड, मधूनमधून ध्रांगध्राचा पांढरा. मी प्रत्येक दगड जेवढा उजळ दिसत होता बरोबर तेवढाच रंगवला आणि काही आठवड्यांनी सगळ्यावर अंबर (मातकट तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (गडद निळा) यांचं पातळ ग्लेझ फिरवलं. भर दुपारचं चित्र दिवेलागणीचं झालं.

कारण साधं आहे. ग्लेझ म्हणजे रंगीत काच. उजेड तिच्यातून आत जातो, खालच्या थरावर आपटतो आणि तिच्यातूनच परत येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. त्यामुळे ग्लेझ नेहमी गडदच करतं, उजळ कधीच करत नाही. आता मी खालचा थर मुद्दाम दोन पायऱ्या उजळ ठेवतो आणि थोडा भडकही. पिवळा दगड हळदीकडे झुकला तरी घाबरत नाही. तो पक्का वाळला की वर अल्ट्रामरीनमध्ये टोकभर अलिझरिन (गडद लाल) घालून जांभळट ग्लेझ. इंटरमिजिएटच्या परीक्षेला पाठ केलेली विरोधी रंगांची जोडी इथे कामाला येते. पिवळा मरत नाही, खालून डोकावत राहतो. पॅलेटवर काळा कालवून केलेल्या करड्यात ही गंमत येत नाही. पॅलेटवरच करडा हवा असेल तर काळ्याऐवजी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) घ्या. अल्ट्रामरीनचं माप जरा वाढवलं की करडा थंड होतो, सिएनाचं वाढवलं की उबदार.

ट्यूबवर छोटा चौकोन असतो तो बघा. रिकामा असेल तर रंग पारदर्शक, भरलेला असेल तर अपारदर्शक. कॅडमियमचे रंग अपारदर्शक, म्हणून ग्लेझला निरुपयोगी, उगाच पैसे घालवू नका.

पण मुंबईचा जो मळकटपणा तुम्हाला हवाय, हिवाळ्यातल्या सकाळी लांबचे घुमट धुरकट दिसतात तो, तो ग्लेझने येत नाही, हे कळायला मला फार वेळ लागला. त्याचं काम नेमकं उलटं आहे. उदबत्तीचा धूर आठवा. मागे काळोखा कोपरा असेल तर तो निळसर दिसतो, आणि तोच धूर उजेडाच्या खिडकीपुढे आला की तपकिरी. धूर एकच, मागची पार्श्वभूमी वेगळी. रंगाचंही तसंच. गडद थर वाळल्यावर त्यावर पांढऱ्यात किंचित ऑकर (मातकट पिवळा) घालून जवळजवळ कोरड्या ब्रशने विरळ ओढा, म्हणजे स्कंबल. खालचा गडद आपोआप निळसर, लांबचा दिसायला लागतो. माझ्या एका चित्रातले मागचे घुमट बघून लोक विचारतात, निळा कुठला वापरला? निळा घातलेलाच नाही! म्हणून जवळच्या सावल्यांना ग्लेझ आणि लांबच्या धुरकटाला स्कंबल, एवढी वाटणी मी करतो. अख्ख्या कॅनव्हासवर एकच ग्लेझ फिरवणं म्हणजे सगळ्या भाज्यांना एकच मसाला.

आणखी एक सवय व्हिसलर या अमेरिकन चित्रकाराकडून उचललेली. १८७०च्या दशकात लंडनच्या थेम्सची धुक्यातली रात्र रंगवताना तो मुख्य रंग आधीच पॅलेटवर तयार ठेवायचा, आणि रंग इतके पातळ करायचा की ओघळू नयेत म्हणून कॅनव्हास जमिनीवर आडवा टाकायचा. आडवं टाकणं मला जमत नाही, खोलीत जागाच नाही. पण पाच-सहा करडे आधी कालवून घेतले की चित्र सैरावैरा धावत नाही. त्यात मग एकच रंग मोकळा सोडायचा. मी टॅक्सीचा पिवळा टप सोडतो.

वाळण्याबाबत घाई नको. तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि पावसाळ्यात ते फारच रेंगाळतं. अंबर लवकर वाळतो, अलिझरिन अंत बघतो. माझं दुसरं ग्लेझ जुलैत खालच्या थरालाच घेऊन वर आलं. कापसाला थोडं टर्पेन्टाईन लावून कोपऱ्यात हलकेच पुसून बघा. कापूस रंगला तर थांबा. ग्लेझ पातळ करायला मी स्टँड ऑईल (जवसाचं दाट केलेलं तेल) एक भाग, टर्पेन्टाईन दोन भाग वापरतो. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, हा क्रम मोडला की पुढे भेगा पडतात. हार्डवेअरच्या दुकानातलं बॉईल्ड लिनसीड (जवसाचं तेल) दरवाज्यांना ठीक आहे, चित्राला नको. आणि वाळलेलं चित्र कपाटात कोंडून ठेवू नका, अंधारात लिनसीड पिवळं पडतं. तसं झालंच तर काही दिवस उजेडात ठेवलं की पिवळेपणा बराच उतरतो. ते जीपीओचं चित्रही असंच थोडं निवळलं. दुपार मात्र परत आली नाही.

सुरुवात मोठ्या कॅनव्हासवर करू नका. वीतभर तुकड्यावर एकच खिडकी आणि तिची सावली करा. आणि ग्लेझ पुसलेल्या तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. लिनसीड वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.