सांगलीच्या मताला त्या फॉर्मवर रकानाच नव्हता

कराडच्या एका सदस्यानं विचारलंय, की चॅनेलवाले आणि पोलवाले जे ‘जनमत’ म्हणून दाखवतात ते खरंच लोकांचं असतं का, की सगळे आकडे विकत घेतलेले असतात? मी मिरजेचा. दोन निवडणुकांत एका सर्वेक्षण संस्थेसाठी तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागात घरोघर फॉर्म भरत फिरलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

पैसे खाऊन आकडे फिरवले हा आरोप दर निकालानंतर होतो. मी डोळ्यांनी बघितलेली चूक त्याहून साधी आहे आणि मला तिचीच काळजी जास्त वाटते.

आम्हाला मतदारयादीतून नावं काढून दिलेली असायची. त्याच माणसाला भेटायचं, त्याचंच मत लिहायचं, असा नियम. पण लोकसभेची निवडणूक येते एप्रिल-मेमध्ये आणि तेव्हा आमच्याकडे द्राक्षाची खरड छाटणी नाहीतर तिच्या मागची कामं चालू असतात. सकाळी अकराला गावात गेलं की घरात म्हातारी माणसं, पारावर पाच-सहा पुरुष, बाकी सगळे बागेत. संध्याकाळपर्यंत वीस फॉर्म द्या म्हणून वरून फोन चालू. मग काय होतं? यादीतला माणूस राहतो बाजूला आणि पारावरचा भरला जातो.

तासगाव तालुक्यातल्या एका घरी यादीत सुनेचं नाव होतं. सासरे म्हणाले, “तिला काय विचारायचं? आमच्या घराचं मत एकच.” मी त्यांनी सांगितलेलं लिहून घेतलं आणि गाडीपाशी आलो. तेवढ्यात ती बागेतून आली, हातात छाटणीची कात्री तशीच. “कशाचा फॉर्म हाय?” मी सांगितलं. तिनं एकदा घराकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, “माझं नाव हाय न्हवं त्यात? मग माझं लिवा.” तिचं उत्तर सासऱ्यांच्या अगदी उलट होतं. तो फॉर्म मी खोडला आणि नवा भरला. पण त्या दिवशी ती भेटली म्हणून. ज्या सुना भेटल्या नाहीत, त्यांच्या नावावर सासऱ्यांचंच मत गेलं, आणि ते मीच लिहिलंय. हे मला आजही बोचतं.

“मला तर कधी कुणी विचारलं नाही” हा आक्षेप मात्र मला पटत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. हजार माणसं नीट चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, तर मतांच्या टक्केवारीत साधारण तीन टक्के इकडंतिकडं, एवढ्यात अंदाज येतो. पण शीत नेहमी वरचंच उचललं, तर तळाचा करपलेला भात कळणार कसा? अमेरिकेत १९३६ साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि तरी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट निवडणूक हरणार असं भाकीत केलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या काळात फोन आणि मोटार कुणाकडं असणार?

आपल्याकडं आणखी एक अडचण आहे: मतांवरून जागा काढणं. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात दोन्ही आघाड्यांच्या मतांत एक टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७. तीन टक्के चूक गृहीत धरणाऱ्या पोलनं इथं जागा सांगायच्या तरी कशा? देशात तेव्हा बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या पुढं नेलं होतं, निकालात २९३ आल्या. त्याच वर्षी विधानसभेला बहुतेकांनी महायुती येणार हे बरोबर सांगितलं, पण त्यांचे आकडे प्रत्यक्षातल्या २३० च्या बरेच खाली होते.

आणि लोकसभेच्या महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी उरलेली एक कुठली? आमची सांगली. प्रश्न असायचा, ‘महायुती की महाविकास आघाडी?’ सांगलीनं दोघांनाही बाजूला सारून अपक्ष विशाल पाटलांना लाखभर मतांनी निवडून दिलं. फॉर्मवर ते सगळं मत ‘इतर’मध्ये. तुमच्या साताऱ्यात तर उदयनराजे साधारण ३२ हजारांनी जिंकले आणि पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांच्या आसपास मतं पडली. शरद पवारांच्या पक्षाचं ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे चिन्ह शोधताना किती जणांचं बोट पिपाणीवर गेलं, हे घरी येऊन विचारलं तरी निघणार नाही, कारण ज्याचं चुकलं त्याला आपलं चुकलंय हेच ठाऊक नसतं.

माध्यमांचं सांगायचं तर जतचं घ्या. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर दावा सांगितला आणि चॅनेलच्या गाड्या सीमेवर येऊन थांबल्या. प्रश्न एकच: “कर्नाटकात जायचं का?” लोक हो म्हणाले, तेच दिवसभर चाललं. जतच्या पूर्व भागात मी फॉर्म भरलेत. तिथं दुसरं वाक्य हटकून पाण्याचं येतं. टँकर, आटलेली बोअर, म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी आमच्यापर्यंत कधी येणार. पूर्वी गावांनी ठराव केले तेही पाण्यासाठीच. माणसं खोटं बोलली नव्हती. त्यांचं अर्धं वाक्य टीव्हीवर आलं आणि अर्धं गाडीत परत गेलं.

म्हणून पोल दिसला की मी आधी बघतो, फोनवर विचारलं की घरी जाऊन, मतदारयादीतून की रस्त्यात भेटेल त्याला, आणि प्रश्नाचे शब्द काय होते. हे छापलेलंच नसेल तर तो आकडा मी सोडून देतो. लोकनीती-सीएसडीएससारख्या अभ्यास संस्थांचे लोक यादीतून नाव काढून घरी जातात आणि मत कुणाला दिलं हे तोंडी न विचारता नमुना मतपत्रिकेवर खूण करून पेटीत टाकायला सांगतात. आमच्याकडं तेव्हा पेटी नव्हती. असती, तर त्या सुनेला अंगणात उभं राहून हळू आवाजात बोलावं लागलं नसतं.