पाठचं भावंड येताना

यंदा आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं एकाच विषयावरची आहेत. घरात दुसरं बाळ येणार, तर थोरल्याला कसं सांभाळायचं? बहुतेकांनी विचारलं आहे, "मुलाला बाळाबद्दल काय सांगू?" तीन-चार वर्षांच्या मुलाला बाळापेक्षा स्वतःची चिंता जास्त असते. मला जेवू कोण घालणार, मी झोपणार कुठे, आई परत कधी येणार? उत्तरं देताना आमच्या सल्लागारांनी आधी याच प्रश्नांचा विचार केला आहे.

मुलगा ३ वर्षं २ महिन्यांचा आहे. बायकोला चौथा महिना, डॉक्टरांनी जुलैअखेरची तारीख दिली आहे. त्याला कधी आणि कोणत्या शब्दांत सांगावं? घरचे आत्तापासूनच त्याला "तुला खेळायला भाऊ आणतोय" म्हणू लागलेत.
— एक वडील, जुळे सोलापूर

घरात बोलणं सुरू झालं आहे म्हणजे त्याच्या कानावर ते गेलेलंच आहे. याच आठवड्यात सांगा. लोक पहिले १२ आठवडे सांगायचं थांबतात, कारण बहुतेक गर्भपात त्या काळात होतात. तो काळ तुम्ही ओलांडला आहे. दोघांनी मिळून, रोजच्या जेवणाखाणाच्या वेळी, चार वाक्यांत सांगा: "आईच्या पोटात एक बाळ वाढतंय. मोठं झालं की ते आपल्या घरी राहायला येईल. तुला आंघोळ बाबाच घालणार. रात्री गोष्टही रोजच्यासारखीच." हे ऐकून तो उठला आणि गाडी खेळायला निघून गेला, तर त्याला कळलं नाही असं समजू नका. या वयातले प्रश्न दोन-चार दिवसांनी, भलत्याच वेळी येतात.

'पोटात' या शब्दाने एक घोटाळा होतो. पोटात भाकरी जाते हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे आईने बाळ खाल्लं की काय, किंवा आमटी बाळाच्या डोक्यावर सांडत असेल का, अशा शंका मुलांना खरोखर येतात. "जेवणाची जागा वेगळी आणि बाळाची पिशवी वेगळी" एवढं सांगितलं की भीती जाते. बाहेर कसं येणार असं विचारलं, तर "बाळ यायची वाट असते, आणि डॉक्टर मदत करतात" हे खरं आणि पुरेसं उत्तर आहे. देवबाप्पा पिशवीतून आणून देतो असलं काही सांगू नका. उद्या तोच विचारेल, मग परत नेऊन दे की त्याला.

"खेळायला भाऊ" हे वाक्य मात्र घरात आजच बंद करा. जन्मलेलं बाळ दिवसाचे सोळा तास झोपतं, २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं आणि साधारण २० ते ३० सेंटिमीटरपलीकडचं त्याला स्पष्ट दिसतही नाही. गाडी घेऊन वाट पाहणारा मुलगा पहिल्याच दिवशी हिरमुसतो. "आधी नुसतं झोपेल, रडेल, दूध पिईल. पुढच्या जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरेल तेव्हा कुठे बसायला शिकत असेल," असं सांगा. भाऊ की बहीण हे तर कुणालाच माहीत नाही, आणि १९९४ च्या कायद्याने ते आधी तपासून सांगणं गुन्हा आहे. भाऊ कबूल केला आणि बहीण आली, तर मुलाच्या लेखी तुम्ही शब्द मोडला. त्याचा राग निघतो त्या लेकरावर.

'पाच महिने' म्हणजे किती हे त्याला कळणार नाही. भिंतीवर कागदाची एक लांब पट्टी लावा. तिच्यावर ओळीने होळी, पाडव्याची गुढी, आंबे, बालवाडी उघडणं, शेगावची पालखी सोलापुरात येणं अशी चित्रं काढा आणि शेवटी बाळ. जे सरेल त्यावर त्यालाच खडूने फुली मारू द्या. बाळाच्या चित्राखाली तारीख लिहू नका. ३७ ते ४२ आठवड्यांत बाळ केव्हाही येऊ शकतं. "पालखीच्या आसपास" म्हणा.

मुलगी ४ वर्षांची, अजून माझ्याच कुशीत झोपते. मे महिन्याच्या मध्यावर माझं दुसरं सिझेरियन ठरलं आहे. सासूबाई म्हणतात, तिला महिनाभर बार्शीला आत्याकडे ठेवू, म्हणजे मला विश्रांती मिळेल. ठेवावं का?
— एक आई, अशोक चौक

ठेवू नये. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण मुलीच्या बाजूने पाहा. घरातली एकुलती एक म्हणून ती बार्शीला जाणार आणि महिन्याने परत येणार, तेव्हा आईच्या कुशीत दुसरंच कुणी. मधलं काहीच तिने पाहिलेलं नसेल. मला घालवलं आणि माझ्या जागी हे आणलं, एवढाच अर्थ ती काढेल. त्यापेक्षा आत्यांनाच आठ-दहा दिवस सोलापूरला बोलवा. मुलगी स्वतःच्या घरी, स्वतःच्या ताटात जेवत राहिली, तर आईविना चार-पाच रात्री निभावतात.

त्या रात्रींची सवय मात्र आधी करावी लागते, आणि सुरुवात मार्चच्या मध्याला, म्हणजे आठ आठवडे आधी व्हायला हवी. झोपेची जागा एकदम बदलू नका. पहिला आठवडा तीच खोली, तोच बिछाना, पण मधे तुम्ही आणि पलीकडे तिचे बाबा. मग बाबांशेजारी तिची वेगळी गादी आणि तिची म्हणून ठरलेली एक चादर. मार्च संपता संपता आपल्याकडे माणसं गच्चीवर झोपायला लागतात. तिला आजोबा-आज्जींबरोबर वर जाऊ द्या, ते तिला बक्षीसच वाटेल. नव्या जागेचं कारण 'बाळासाठी' असं कधीही सांगू नका. बाळ घरी आल्यावर त्याच आठवड्यात तिला हलवलं, तर जागा कुणामुळे गेली हे तिला सांगावं लागत नाही.

झोपेबरोबर बाकीची कामंही वाटून घ्या. वेणी, आंघोळ, भरवणं, रात्रीची गोष्ट यांतलं एकेक काम दर पंधरवड्याला दुसऱ्याच्या हाती द्या. एप्रिलअखेर तुम्ही नुसत्या शेजारी बसलेल्या असाल आणि वेणी आत्या किंवा आज्जी घालत असतील, इथवर यायला हवं. वेणी वाकडी आली म्हणून ती रडेल. रडू द्या, पण परत सोडून स्वतः घालायला बसू नका.

सिझेरियनची तारीख ठरली असली तरी कळा आधी सुरू होऊ शकतात, म्हणून रात्रीची व्यवस्थाही करून ठेवा. किल्ली कुणाकडे, मुलीजवळ कोण थांबणार, गाडी कुणाची, हे कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावा. त्यातच १०२ हा गरोदर स्त्रियांसाठीच्या मोफत सरकारी गाडीचा आणि १०८ हा तातडीच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहा. मुलीला आधीच सांगून ठेवा, "तू झोपेत असताना मला जावं लागलं, तर सकाळी आत्या तुझ्याजवळ असेल." झोपेत असली तरी जाताना तिला हलकेच उठवून सांगून जा. गुपचूप गेलात, तर पुढे कित्येक रात्री ती झोपायलाच घाबरेल.

दवाखान्यात तिला ऑपरेशनच्या दिवशी नेऊ नका. दुसऱ्या दिवशी, ऊन उतरल्यावर सहानंतर, पोट भरलेलं असताना न्या. आईच्या हाताला नळी असेल, पोटाला पट्टी असेल, आई हळू चालेल, हे वाटेतच सांगा. ती खोलीत शिरेल तेव्हा बाळ पाळण्यात किंवा दुसऱ्या कुणाजवळ असावं आणि तुमचे हात तिच्यासाठी मोकळे असावेत. बाळाकडे केव्हा बघायचं ते तिचं तिला ठरवू द्या. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. निघताना ती रडणारच. बाबांनी "आता खाली जाऊन रसवंतीत रस पिऊ" असं पुढचं काही ठरवून ठेवलेलं असलं, की ते रडणं जिन्यापर्यंतच टिकतं.

शेवटची गोष्ट उचलण्याची. सिझेरियननंतर साधारण सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नसतं आणि चार वर्षांची मुलगी पंधरा-सोळा किलोची असते. 'बाळामुळे उचलत नाही' असा तिचा समज होऊ नये, म्हणून खरं कारण सांगा: "मला टाके आहेत, ते भरले की उचलेन." तोवर तुम्ही पलंगावर टेकून बसा, पोटावर उशी घ्या आणि तिला आपणहून बाजूला चढून येऊ द्या. कुशी तीच, फक्त चढायचं तिने.

शेजारच्या बायका मुलाला गमतीने म्हणतात, "आता तुझे लाड संपले." तो कावराबावरा होतो. काय उत्तर द्यावं?
— एक वाचक, भवानी पेठ

मुलाच्या देखत, लगेच आणि हसून: "नाही हो, त्याचे लाड कुठे संपतायत!" मग त्याच्याकडे वळून, "मावशी गंमत करत होत्या, पण ते खरं नाही." या वयाच्या मुलाला अशी थट्टा कळत नाही. आपण गप्प बसलो, तर ते खरंच आहे असं तो धरून चालतो. शेजारणीला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका.

मुलगा १९ महिन्यांचा, अजून अंगावर पितो. मला तिसरा महिना आहे. घरातले म्हणतात, गरोदर बाईचं दूध मुलाला बाधतं, लगेच तोड. कडुनिंब लावायला सांगतात.
— एक आई, मोहोळ

दूध बाधत नाही. गरोदरपण सुरळीत असेल, तर पाजणं चालू ठेवता येतं. रक्तस्राव होत असेल, आधी दिवस भरण्यापूर्वी बाळंतपण झालं असेल किंवा पाजताना पोटात कळा येऊन टिकत असतील, तर थांबवून डॉक्टरांना दाखवा. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध आपोआप कमी होतं, चव बदलते आणि पुढे चीक येऊ लागतो. पुष्कळ मुलं तेव्हा स्वतःच सोडतात.

तोडायचंच असेल, तर कडुनिंब नको. कालपर्यंत जिथे त्याला शांत वाटायचं तिथेच आज कडू लागतं आणि आईही दूर होते, असे दोन धक्के एकदम बसतात. शिवाय एका दिवसात थांबवलं तर छातीत गाठी होऊन ताप येऊ शकतो. एका वेळचं पाजणं बंद करा, पाच-सात दिवस जाऊ द्या, मग दुसरं. दुपारचं आधी, रात्री झोपतानाचं सगळ्यात शेवटी. त्या वेळेला वाटीतलं खाणं आणि दुसऱ्या कुणाची तरी मांडी, दोन्ही तयार हवीत. हे सगळं सहाव्या महिन्याच्या आत उरकावं, म्हणजे जन्मापर्यंत तो ते विसरलेला असतो.

खरी काळजी आहे ती त्याच्या जेवणाची. प्रथिनांच्या कमतरतेने मुलाला सूज येणाऱ्या कुपोषणाला 'क्वाशिऑर्कर' म्हणतात. हा शब्द आफ्रिकेतल्या घाना देशाच्या गा भाषेतला आहे आणि त्याचा अर्थ पाठचं भावंड आल्यावर थोरल्याला होणारा आजार असा आहे. १९३५ साली सिसिली विल्यम्स या डॉक्टर बाईंनी तो वैद्यकात आणला. अंगावरचं तुटतं आणि बदल्यात नुसती पेज किंवा चहा-बिस्कीट मिळतं, तेव्हा हे घडतं. म्हणून दिवसातून ३ ते ४ वेळा, २५० मिलीच्या वाटीने पाऊण ते एक वाटी घट्ट जेवण द्या आणि मधे १-२ वेळा खाऊ. ज्वारीची भाकरी तुरीच्या किंवा मुगाच्या घट्ट वरणात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा तूप. शेंगदाण्याचं बारीक कूट उत्तम. अंडं चालत असेल तर रोज एक. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या. सलग दोन महिने काटा जागचा हलला नाही, तर डॉक्टरांकडे न्या.

बाळ २० दिवसांचं आहे. ३ वर्षांचा थोरला चिमटे काढतो, आणि बंद झालेलं गादी ओली करणं पुन्हा सुरू झालं आहे. मार दिला तर आणखीच करतो.
— एक आई, विजापूर रोड

गादी ओली होणं, बोबडं बोलणं, बाटली मागणं हे या दिवसांत पुष्कळ मुलांचं होतं आणि बहुधा काही आठवड्यांत निवळतं. गादीवर मेणकापड घाला, चादर बदला आणि चार लोकांत त्याचा उल्लेख करू नका. लघवीला जळजळ असेल, ताप असेल किंवा तो सारखं पाणी मागत असेल, तर मात्र तपासून घ्या.

चिमटे केव्हा काढतो ते दोन दिवस लिहून ठेवा. बहुतेक वेळा तुम्ही पाजत असताना आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी, घरातली सगळी माणसं भांडी भरण्यात गुंतलेली असताना हे होत असेल. पाजण्याच्या जागी एक टोपली ठेवा. तिच्यात दोन-तीन खेळणी, चित्रांचं पुस्तक, त्याचा खाऊ. ती टोपली फक्त त्याच वेळी उघडायची. पाण्याच्या दिवशी एक माणूस त्याच्यासाठी राखून ठेवा, किंवा त्यालाच एक तांब्या देऊन रांगेत उभं करा. आणि रोज पंधरा मिनिटं, ठरलेल्या वेळी, बाळ दुसऱ्याकडे देऊन फक्त त्याच्याशी खेळा. त्या दिवशी तो कसाही वागला असला तरी ही पंधरा मिनिटं कापू नका. शिक्षा म्हणून ती काढून घेतलीत, तर चिमटे वाढतील.

चिमटा काढलाच, तर हात धरा, "चिमटा नाही, बाळाला दुखतं" एवढंच म्हणा आणि बाळाला उचलून घ्या. व्याख्यान नको, मार नको.

दोघांना क्षणभरही एकटं सोडू नका, आणि इथे प्रश्न रागापेक्षा मायेचा आहे. थोरला प्रेमानेच बाळाला शेंगदाणा भरवतो, नाहीतर झोळीला जोरात झोका देतो. सोलापुरी घरात शेंगा हाताशी असतातच. त्या डब्यात, उंचावर ठेवा. अख्खे दाणे चार वर्षांखालच्या थोरल्यालाही नकोत, श्वासनलिकेत अडकतात. झोळीला हात लावायचा तो मोठं माणूस जवळ असतानाच, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळा. पापा घ्यायचा तर पायांचा, तोंडाचा किंवा हातांचा नाही. बालवाडीतून आल्यावर साबणाने २० सेकंद हात धुतल्याशिवाय बाळाजवळ जायचं नाही. त्याला सर्दी-खोकला असेल, तर थोडे दिवस बाळाची खोली वेगळी ठेवा. एक महिन्याच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप आला, तर घरी औषध न देता लगेच दवाखाना गाठा. थोरल्याचं लसीचं कार्डही आजच पाहा. १६ ते २४ महिन्यांतला डांग्या खोकल्याचा बूस्टर राहिला असेल, तर तो या आठवड्यात देऊन घ्या. लहान बाळाला तो आजार बहुधा घरातल्याच माणसांकडून लागतो.