बीएसएच्या नॅनोकणांत गुठळ्या का होतात आणि कर्क्युमिनचा भरणा ९५ टक्के का दिसतो?

तुमची अडचण अशी आहे: नेरुळला एम. फार्म.चा प्रोजेक्ट चालू आहे. बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मीठ असलेल्या बफरमध्ये) विरघळवून वरून इथेनॉल घातलं की पांढऱ्या गुठळ्या होतात. मग रोटरीवर (रोटरी इव्हॅपोरेटरवर) इथेनॉल उडवून सेंट्रिफ्यूज केलं की कर्क्युमिनचा (हळदीतल्या पिवळ्या द्रव्याचा) भरणा, म्हणजे घातलेल्यापैकी कणांत गेलेला भाग, ९५ टक्के येतो आणि गाइडना तो आकडा पटत नाही. गाइडना आलेली शंका रास्त आहे. माझा सल्ला असा की कर्क्युमिन तूर्त कपाटात ठेवा आणि आधी रिकामे कण जमवा. ते दर वेळी एकाच आकाराचे यायला लागले की मगच औषधाला हात लावा.

गुठळ्यांचं पहिलं कारण पीबीएस. इथेनॉल ८० टक्क्यांवर गेलं की फॉस्फेटचे क्षार त्यात विरघळत नाहीत, खाली येतात. शिवाय जास्त मिठामुळे प्रथिनाच्या कणांवरचा भार झाकला जातो आणि कण एकमेकांना चिकटतात. म्हणून २०० मिग्रॅ बीएसए २ मिली १० मिलिमोलर सोडियम क्लोराइडमध्ये घ्या. जोरात ढवळू नका, फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिन बिघडतं. विरघळल्यावर ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून पीएच ८.२ करा. बीएसएचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य होतो तो) ४.७ च्या आसपास आहे. त्यापासून जितकं दूर राहाल तितका ऋणभार जास्त, कण लहान आणि सुटे. पीएच ७ ला आकार मोठा येतो, ८ च्या पुढे तो २०० नॅनोमीटरच्या आसपास उतरतो. एवढ्या दाट द्रावणात इलेक्ट्रोडवर प्रथिनाचा थर बसतो, त्यामुळे दर वेळी तो धुऊन कॅलिब्रेशन तपासा. ट्रिस किंवा ग्लायसिन बफर मात्र चुकूनही वापरू नका, त्यांचे अमाइन गट पुढच्या पायरीचं ग्लुटारल्डिहाइड (कण बांधणारं रसायन) खाऊन टाकतात.

आता मॅग्नेटिक स्टिररवर मिनिटाला ५५० फेऱ्यांच्या आसपास ढवळत ८ मिली अ‍ॅब्सोल्यूट इथेनॉल मिनिटाला १ मिली या वेगाने सोडा. यासाठी सिरिंज पंप लागतोच. हाताने ड्रॉपरने घातलं तर दोन दिवसांचे आकार जुळणार नाहीत. द्रावण निळसर दुधी दिसलं तर ठीक, खडूसारखं पांढरं झालं तर ते टाका आणि पीएच पुन्हा बघा. इथेनॉल आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पाणी ओढतं, बाटली उघडी ठेवू नका.

या टप्प्यावरचे कण कच्चे असतात, पाण्यात टाकले तर परत विरघळतात. त्यांना बांधायला ८ टक्के ग्लुटारल्डिहाइड २३५ मायक्रोलिटर घाला. बाजारात २५ टक्क्यांचं मिळतं, त्यातलं ३.२ मिली १० मिलीपर्यंत पातळ केलं की झालं. हिशेब सोपा आहे. २०० मिग्रॅ बीएसए म्हणजे सुमारे ३ मायक्रोमोल, रेणूमागे साधारण ६० अमाइन गट, म्हणजे १८० मायक्रोमोल. २३५ मायक्रोलिटरमध्ये ग्लुटारल्डिहाइड साधारण १८८ मायक्रोमोल बसतं. हे काम फ्यूम हूडमध्ये, नायट्राइल हातमोजे घालून करा आणि २४ तास ढवळत ठेवा. मग २०,००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या इतक्या पट जोरावर) ८ ते १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करून कण पाण्यात बाथ सोनिकेटरने सुटे करा, असं तीनदा. ७ सेंमी त्रिज्येच्या रोटरवर २०,००० जी म्हणजे मिनिटाला सुमारे १६,००० फेरे. थीसिसमध्ये नुसते फेरे लिहिले तर दुसऱ्या मशीनवर कुणालाच ते जमणार नाही.

डीएलएसला (प्रकाशाच्या विखुरण्यावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) पीडीआय (आकारांतला फरक दाखवणारा आकडा) ०.२ च्या खाली आणि लागोपाठच्या बॅचेसचा आकार एकमेकांजवळ येऊ लागला की कर्क्युमिन काढा.

९५ टक्क्यांचं कोडं इथे आहे. ८० टक्के इथेनॉलमध्ये कर्क्युमिनचा बराच भाग विरघळलेलाच राहतो, कणांत जात नाही. तुम्ही रोटरीवर इथेनॉल उडवलंत की तो सगळा पाण्यात अवक्षेपित होतो आणि कणांसोबत तळाशी बसतो. ते तळाचं गडद पिवळं त्याचंच. वरच्या द्रावणात काहीच उरत नाही, आणि 'घातलेलं वजा उरलेलं' या सूत्रात ते सगळं भरलेलं म्हणून मोजलं जातं. दुसरी गोष्ट म्हणजे कर्क्युमिन अल्कली माध्यमात झपाट्याने तुटतं, शरीराच्या तापमानाला पीएच ७.२ च्या साध्या बफरमध्येसुद्धा अर्ध्या तासात बहुतेक नष्ट होतं. तुटलेलं कर्क्युमिनही तुमच्या सूत्रात भरणा म्हणूनच धरलं जातं.

म्हणून मात्रा आधी कमी करा. २०० मिग्रॅ बीएसएला १ ते २ मिग्रॅ कर्क्युमिन, म्हणजे प्रथिनाच्या रेणूमागे साधारण एक ते दोन रेणू. ते अगदी थोड्या इथेनॉलमध्ये विरघळवून बीएसएच्या द्रावणात घाला आणि अंधारात तासभर ठेवा. अल्ब्युमिनला बांधलेलं कर्क्युमिन बरंच टिकतं. पीएच त्यानंतर वाढवा. कण रोटरीवर न नेता सरळ सेंट्रिफ्यूज करा, आणि भरणा थेट तळाच्या कणांतून मोजा: प्रोटिनेज के ने (प्रथिन तोडणाऱ्या एन्झाइमने) कण पचवा, मिथेनॉलने कर्क्युमिन काढा, ४२५ नॅनोमीटरला वाचा. कणांतलं आणि वरच्या द्रावणातलं मिळून घातलेल्याच्या जवळ पोचत नसेल तर कुठेतरी गळती आहे. खरा भरणा ९५ पेक्षा बराच कमी येईल. तो बिनधास्त लिहा, खरा ३० टक्केच पुढच्या कामाला उपयोगी पडतो. हीच कृती डॉक्सोरुबिसिनला (कर्करोगावरच्या औषधाला) लावणार असाल तर ग्लुटारल्डिहाइड त्याच्या अमाइनलाही पकडतं, तेव्हा औषध तयार कणांवर नंतर शोषवणं बरं.

रिलीजला (औषध कणांतून किती वेगाने सुटतं ते मोजायला) नुसतं पीबीएस चालणार नाही, कर्क्युमिन त्यात विरघळत नाही आणि टिकतही नाही. ०.५ टक्के ट्वीन ८० (विरघळायला मदत करणारं साबणासारखं द्रव्य) घाला, आणि कणांच्या डायलिसिस पिशवीशेजारी (औषध झिरपू देणारी, कण अडवणारी पिशवी) मोकळ्या कर्क्युमिनची तशीच एक पिशवी ठेवा. नाहीतर पिशवीचाच वेग तुम्ही कणांचा म्हणून छापाल.

व्हायव्हात अ‍ॅब्रॅक्सेनबद्दल विचारतीलच. पॅक्लिटॅक्सेल (कर्करोगावरचं औषध) आणि मानवी अल्ब्युमिनचे ते सुमारे १३० नॅनोमीटरचे कण, अमेरिकेत २००५ साली मंजुरी. ते उच्च दाबाच्या होमोजिनायझेशनने बनतात, त्यात ग्लुटारल्डिहाइड नाही. तुमचे गायीच्या अल्ब्युमिनचे कण माणसासाठी नाहीत, हे स्वतःहून सांगा.

टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांसाठी) पवईला आयआयटीच्या सैफमध्ये (विश्लेषण उपकरणांच्या केंद्रात) नमुना नेताना ऐरोली पुलावरच्या ट्रॅफिकचा विचार करून बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठू देऊ नका. साखरेविना गोठलेले कण परत सुटे होत नाहीत. लायोफिलाइज करणार (गोठवून वाळवणार) असाल तर ३ टक्के ट्रेहॅलोज घाला आणि बाहेर काढल्याबरोबर बूच लावा. जुलैत ती वडी बघता बघता ओलावा धरून बसते.