दहावीनंतर आयटीआय केलं तर पुढचं शिक्षण बंद होतं का?

परभणीच्या दादांनी विचारलंय, भाच्याला अकरावीला घालावं की आयटीआयला, आणि आयटीआयनंतर शिक्षण थांबतं का.

नाही थांबत, दादा. आपल्याकडं हा गैरसमज फार खोल रुजलाय. फिटर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंग पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. वाट लांब आहे, पण हातात काम घेऊन चालता येतं. मधे वाळूज किंवा शेंद्र्याच्या कंपनीत अप्रेंटिसशिप मिळाली तर विद्यावेतनही मिळतं.

दहावीनंतर थेट तीन वर्षांचा डिप्लोमाही आहेच. गणित बरं असेल तर मी तोच सुचवेन.

अकरावी सायन्स घ्यायचं ते खरंच मेडिकल-इंजिनिअरिंगची ओढ असेल तर. शेजारचा पोरगा लातूरला क्लासला गेला म्हणून आपलाही पाठवायचा, असं करू नका. एवढं मात्र आधी बघा: आयटीआयच्या त्या ट्रेडला राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे देशभर चालणारं सरकारी प्रमाणपत्र, मिळतं ना? आणि भाच्याला स्वतःला काय आवडतं, ते त्यालाच विचारा.