वाचक विचारतात : ऊसदरावरचा निबंध जागतिक परिषदेत कसा जाईल?

प्रश्न : मी राज्यशास्त्रात पीएच.डी. करते. विषय कोल्हापूर जिल्ह्यातला ऊसदर. ‘ग्लोबल गव्हर्नन्स : भारतापुढील आव्हाने आणि संधी’ या शीर्षकाचा सारांश एका आंतरराष्ट्रीय परिषदेला पाठवला होता, तो नाकारला गेला. कारण कळवलेलं नाही. विषय स्थानिक असल्यामुळे असं होतं का?
– संशोधक विद्यार्थिनी, कागल

उत्तर : कारण बहुधा शीर्षकातच आहे. ‘आव्हाने आणि संधी’ वाचलं की निवड करणाऱ्याला कळतं, इथे विषय आहे पण प्रश्न नाही. त्याच्यापुढे सारांशांचा ढीग असतो आणि एकेकाच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं येतात. तुमचा ऊस आड आलेला नाही. तो तुम्ही झाकून ठेवलात, ते आड आलं.

ऊसदराचा जागतिक कारभाराशी संबंध असा : २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताच्या ऊस-साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. डिसेंबर २०२१ मध्ये निकाल लागला : २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेला. एफआरपीचे (केंद्र सरकारने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे) पैसे सरकार नव्हे, कारखाने देतात, म्हणून तो सरकारी आधार धरू नये, हे भारताचं म्हणणं मान्य झालं नाही. निकालानंतर भारत अपिलात गेला. पण अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने रोखून धरल्या. निकाल आहे, पण बंधनकारक होत नाही. इकडे एफआरपी २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला २९० रुपये होती (१० टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला), ती २०२४-२५ ला ३४० झाली (१०.२५ टक्के उताऱ्याला).

आता प्रश्न आपोआप तयार होतो : अपिलात लोंबकळणाऱ्या निकालाचा भाव ठरवणाऱ्यांवर काही दाब पडतो का? पडत असेल तर तो कुठे दिसतो, दरात, निर्यात धोरणात की नुसत्या सरकारी भाषेत? परिषदेला येणाऱ्यांना जिनिव्हाची, म्हणजे व्यापार संघटनेची, बाजू पाठ असते. तोडणी-वाहतूक वजा होऊन हातात काय येतं, उतारा अर्ध्या टक्क्याने खाली दाखवला की काय होतं, पहिल्या उचलीवरून (कारखान्याने उसाला दिलेल्या पहिल्या हप्त्यावरून) दरवर्षी रस्ते का अडतात, हे त्यांच्याकडे नसतं. ते तुमच्याकडे आहे.

सारांशाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २०० ते ३०० शब्दांची. पहिली दोन वाक्यं तंट्याला द्या, तिसरं प्रश्नाला. आधीच्या अभ्यासांतून काय सुटलंय ते एकाच वाक्यात, लेखकांची जंत्री नको. साधनांबद्दल मात्र हात आखडू नका : किती कारखान्यांचे वार्षिक अहवाल, कोणत्या हंगामांचे, मुलाखती किती ठरवल्या आणि त्यातल्या झाल्या किती. ‘मिश्र संशोधन पद्धती वापरली जाईल’ या वाक्यातून कुणालाच काही कळत नाही. शेवटची दोन-तीन वाक्यं तुमच्या उत्तराची. ‘शोध घेण्याचा प्रयत्न करण्यात येईल’ असं लिहिणारा सर्वांत आधी गळतो. उत्तर तात्पुरतं असलं तरी ठामपणे मांडा, पुढे निबंधात ते बदललं तर चालतं. एफआरपी आणि उतारा म्हणजे काय ते अर्ध्या वाक्यात सांगा, परक्या वाचकाला ते शब्द माहीत नसतात. शीर्षक ‘निकाल आहे, अंमल नाही : ठप्प व्यापार-न्याय आणि महाराष्ट्रातला ऊसदर’ अशा धर्तीचं चालेल.

प्रश्न : आमच्या विभागातले चौघे मिळून पॅनेल पाठवावं, असा विचार आहे. शक्यता वाढते का?
– प्राध्यापक, इचलकरंजी

उत्तर : पॅनेल चांगलं बांधलं असेल तर वाढते. पण एकाच कॉलेजचे चौघे म्हणजे विभागाचा परिसंवाद, आणि तो तसाच वाचला जातो. साधारणपणे चार-पाच निबंध, एक अध्यक्ष आणि निबंधांवर बोलणारा एक डिस्कसंट लागतो. तुमच्यातले दोघे ठेवा. बाकी उत्तर प्रदेशातल्या उसावर काम करणारा कुणी घ्या. तिथे राज्य सरकार स्वतःचा वेगळा दर जाहीर करतं, त्यामुळे तुलना खरी होते. एखादा व्यापार-कायद्याचा अभ्यासक, शक्य झालं तर ब्राझीलवरचा. पॅनेलचा सारांश म्हणजे चार सारांशांची बेरीज नव्हे, चौघांना बांधणारा मुद्दा त्यात दिसला पाहिजे.

अडतं ते दुसरीकडेच. बऱ्याच पोर्टलवर प्रत्येक सहभागीचं खातं आधी उघडलेलं असावं लागतं. एकाचं राहिलं की शेवटच्या रात्री सगळं पॅनेल खोळंबतं. पॅनेल नाकारलं तर निबंध सुटे विचारात घेतील का, तेही आधी वाचा.

प्रश्न : ‘तुमचा निबंध निवडला आहे, ४८ तासांत फी भरा’ असा मेल आला. सारांश आज सकाळीच पाठवला होता. भरू का?
– वाचक, राजारामपुरी

उत्तर : नको. सकाळी पाठवलेलं संध्याकाळपर्यंत कुणी तपासत नसतं. खऱ्या परिषदेत निर्णयाला आठवडे, कधी महिने लागतात. इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनचे प्रस्ताव आदल्या वर्षीच्या मे-जूनच्या सुमारास बंद होतात. संयुक्त राष्ट्र व्यवस्थेचा अभ्यास करणारी ॲकॅडमिक कौन्सिल १९८७ पासून आहे, तिचीही वार्षिक सभा असते. अशा संघटनांच्या मागच्या वर्षीच्या कार्यक्रमपत्रिका उघडून पाहता येतात. तुमच्या मेलवाल्यांच्या पत्रिकेत वैद्यक, व्यवस्थापन आणि ग्लोबल गव्हर्नन्स एकाच हॉटेलात एकाच दिवशी असतील, तर समजून जा.

प्रश्न : मुदत ‘२३:५९ एओई’ अशी लिहिली आहे. आपल्याकडे किती वाजता? आणि व्हिसाचं कधी बघायचं?
– वाचक, गडहिंग्लज

उत्तर : एओई म्हणजे पृथ्वीवर जिथे तारीख सर्वांत उशिरा बदलते तिथली वेळ. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९. ‘अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ’ असं लिहिलं असेल, तर उन्हाळ्यात सकाळी ९:२९ आणि हिवाळ्यात १०:२९.

परिषद युरोपात असेल तर शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागेल, तो दिवस हिशेबात धरा. प्रवासखर्चासाठी आयसीएसएसआर (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) आणि तुमच्या विद्यापीठाकडे निवडपत्र आल्याबरोबर अर्ज करा, कारण ती मंजुरी व्हिसापेक्षाही सावकाश येते.

पोर्टलवर नाव भरताना पासपोर्ट समोर ठेवा. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये कुठेतरी. निमंत्रणपत्र पोर्टलवरच्या नावानेच निघतं आणि व्हिसा कार्यालय ते पासपोर्टशी अक्षरानुअक्षर ताडून पाहतं.