ब्रासरीतली न्याहारी

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी पॅरिसला असते. येत्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे जाणार असून, तिथल्या एखाद्या गजबजलेल्या ब्रासरीत न्याहारी करावी, असे मनात आहे. ब्रासरी म्हणजे नेमके काय आणि तेथे काय मागवावे? मी अंडी खाते, मांस खात नाही.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : ‘ब्रासरी’चा मूळ अर्थ बिअर तयार करण्याची जागा. १८७०-७१च्या युद्धानंतर आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला, तेव्हा तेथून पॅरिसला आलेल्या अनेकांनी बिअरसोबत खाणेही देणारी अशी उपाहारगृहे काढली. १८८० साली सुरू झालेली ‘लिप’ ही त्यांपैकीच एक.

न्याहारीला बहुतेक प्रवासी क्रोआसाँ, म्हणजे चंद्रकोरीसारखा पापुद्र्यांचा पाव, मागवतात. तो चांगलाच असतो, पण माझे मन विचाराल तर आपण ‘तार्तीन’ मागवावे. बागेत नावाचा लांब पाव उभा चिरून त्यावर लोणी, आणि सोबत जॅम, एवढाच तो पदार्थ. पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, पावावर वाढलेल्या गोंयकाराला पावाची पारख शिकवावी लागत नाही : कवच दाताखाली कुरकुरले पाहिजे आणि आतला भाग ओढल्यावर किंचित ताणला गेला पाहिजे. सोबत दुधाची कॉफी, म्हणजे ‘काफे क्रेम’, घ्यावी आणि तीत तार्तीन निःसंकोच बुडवावी. आपण चहात काकणे, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, बुडवतो तशीच ही तिथली जुनी सवय आहे. कॉफीवर लोण्याचे बारीक सोनेरी ठिपके तरंगू लागतात, आणि तो मऊ झालेला पहिला घास मला अजून आठवतो.

अंड्यांचे ऑम्लेट बहुतेक ठिकाणी मिळते, मात्र ते ‘नातूर’, म्हणजे साधे, असे सांगून मागवावे. ‘क्रोक मस्यू’ या चीज भाजलेल्या सँडविचमध्ये डुकराचे मांस असते, ते टाळावे.

आत शिरताच ‘बाँजूर’ म्हणावे. न बोलता थेट मागणी करणे तेथे उद्धटपणाचे समजतात. काउंटरपाशी उभे राहून घेतलेली कॉफी टेबलावरच्या कॉफीपेक्षा बहुधा स्वस्त पडते, तरीही आपण पैसे वाचवू नका, टेबलच घ्या. सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते. सकाळी कामावर निघालेली माणसे, काउंटरवरच्या बश्यांचा खणखणाट, एका हातावर चार कप तोलत जाणारा वेटर, हे सारे बसूनच पाहावे. पणजीतल्या भाजीपावाच्या हॉटेलात मागे कोणी उभा असला की आपण घाईने उठतो. तिथे एका कपावर तासभर बसलात, तरी तुम्हाला सहसा कोणी उठवायला येणार नाही.